वेळापत्रकावर चालणारे जाळे

बसमध्ये ‘मोफत वाय-फाय’ अशी पाटी दिसली की प्रवाशाच्या मनात दोन शंका येतात. पहिली लगेच येते: खिशातल्या मोबाईलवर इंटरनेट असताना बसचे कशाला? दुसरी थोडा विचार केल्यावर येते: बस सतत हलत असते, तिला तार जोडता येत नाही, मग तिच्यापर्यंत इंटरनेट येते कुठून?

दुसऱ्या शंकेचे नेहमीचे उत्तर साधे आहे. ड्रायव्हरच्या मागे एक पेटी असते, पेटीत मोबाईल कंपनीचे सिम असते आणि ती पेटी जवळच्या टॉवरशी बोलते. आपल्या एसटीच्या गाड्यांत काही वर्षांपूर्वी जो वाय-फाय आला, त्यात तर बाहेरच्या इंटरनेटपेक्षा पेटीतच भरून ठेवलेले चित्रपट आणि मालिका पाहण्याची सोय होती. दोन्ही प्रकारांत बस ही गिऱ्हाईकच राहते. तिला जे दिले जाते, ते ती प्रवाशांना वाटते.

या प्रकरणात आपण याच्या उलट प्रश्न विचारणार आहोत. शहरात रोज शेकडो बस ठरलेल्या रस्त्यांवरून ये-जा करतात. त्यांनाच एकमेकींशी बोलायला लावून शहराचे बिनतारी जाळे विणता येईल का? आणि गल्लोगल्ली मोबाईलचे टॉवर असताना ते विणावे का?

१. जाळे म्हणजे नेमके काय?

मोबाईलच्या व्यवस्थेत प्रत्येक फोन थेट टॉवरशी बोलतो. शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांना संदेश पाठवला, तरी तो टॉवरमार्गेच जातो. जाळ्याच्या व्यवस्थेत, जिला मेश म्हणतात, प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीचा निरोप पुढे ढकलते. इमारत क्रमांक एकच्या गच्चीवरची पेटी दोनला देते, दोन तीनला देते आणि तीनकडे तारेचे इंटरनेट असेल तर निरोप तिथून बाहेर पडतो.

अशी जाळी नागरिकांनी स्वतः उभारलेली आहेत. स्पेनमधील कातालोनियात २००४ साली सुरू झालेले ‘गुइफी’ आणि बर्लिनचे ‘फ्रायफुंक’ ही त्यांची नावाजलेली उदाहरणे. पण तिथे पेट्या गच्च्यांवर आहेत, म्हणजे जागच्या जागी आहेत. प्रत्येक गच्चीसाठी घरमालकाची परवानगी लागते, विजेची जोडणी लागते आणि समोर उंच इमारत उभी राहिली की दुवा तुटतो.

बसच्या जाळ्यात तीन प्रकारचे दुवे असतात. बस ते प्रवासी, हा आपल्या ओळखीचा वाय-फाय. बस ते खांब, म्हणजे रस्त्याकडेला बसवलेली आणि फायबरच्या तारेला जोडलेली पेटी. आणि तिसरा दुवा बस ते बस. एखाद्या बसला खांब दिसत नसेल, पण तिच्या पुढच्या बसला दिसत असेल, तर पहिली दुसरीमार्फत बोलते.

२. बसच का?

शहरात हजारो मोटारी, रिक्षा, स्कूटर असतात. मग बसच का निवडायची?

बसचे छप्पर उंच असते, त्यामुळे तिथली अँटेना मोटारींच्या वरून पलीकडे पाहू शकते. पेटीला लागणारी वीज गाडीच्या बॅटरीतून मिळते; फोनसारखी दुपारी चार्जिंग संपण्याची चिंता नाही. बसचा मार्ग आणि वेळ आधीच ठरलेली असते. दिवस संपला की ती आगारात परत येते, म्हणजे दुरुस्तीसाठी पेटी शोधत फिरावे लागत नाही. जिथे माणसे जास्त, तिथे बसही जास्त. आणि व्यवहारातला मोठा फायदा असा, की चारशे गाड्यांसाठी चारशे मालकांना भेटावे लागत नाही. एका परिवहन संस्थेशी करार झाला की पुरे.

यांतला वेळापत्रकाचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. तो का, हे कळण्यासाठी आधी जाळ्याची एक जुनी दुखरी नस पाहू.

३. उड्या वाढल्या की वेग घटतो

पुढच्या हिशेबांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवू. वेग मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट.

समजा, दोन पेट्यांमध्ये सेकंदाला २४ मेगाबिट जातात. आता मध्ये एक पेटी आली. तिच्याकडे एकच रेडिओ आहे, त्यामुळे ती एकाच लहरीवर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही. अर्धा वेळ ती घेते, अर्धा वेळ देते. वेग १२ वर आला. तिसरी उडी वाढली की तिघी पेट्यांना आळीपाळीने बोलावे लागते, कारण एक बोलत असताना शेजारणीने बोलले तर दोघींचे बोलणे एकमेकांत मिसळते. वेग ८ वर आला. साखळी आणखी लांबली की तो आणखी उतरतो.

पेट्यांची संख्या वाढवली तर? पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली गणिताने दाखवले, की जागच्या जागी असलेल्या पेट्यांचे जाळे मोठे होत गेले की प्रत्येक पेटीच्या वाट्याला येणारा वेग संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होत जातो. पेट्या शंभरपट झाल्या तर वाटा साधारण दशांश. बहुतेक पेट्यांचा वेळ दुसऱ्यांचे निरोप पुढे ढकलण्यातच जातो.

पुढच्याच वर्षी माथियास ग्रोसग्लाउझर आणि डेव्हिड त्से यांनी याच गणितात एक अट बदलली. पेट्या हलू द्या, म्हणाले. निरोप लांबच्या साखळीतून ढकलू नका. जवळून जाणाऱ्या कुणाकडे तरी सोपवा आणि तो फिरत फिरत ज्याला द्यायचा त्याच्या जवळ पोहोचला की त्याने तो द्यावा. एकूण उड्या फक्त दोन. अशा जाळ्यात पेट्या कितीही वाढल्या तरी प्रत्येकाचा वाटा आटत नाही. त्याची किंमत एकच: थांबण्याची तयारी हवी.

बिनतारी तंत्रात हालचाल ही एरवी डोकेदुखी मानली जाते. इथे तीच भांडवल झाली. बसच्या जाळ्याचा सगळा विचार या एका उलटापालटीवर उभा आहे.

४. घ्या, जपा, पोहोचवा

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाला खेड्यातून एसटीने डबा पाठवण्याची पद्धत आपल्याकडे कित्येक घरांत होती. आई सकाळी डबा कंडक्टरच्या हाती देते. डबा पोहोचेपर्यंत तिचा आणि मुलाचा काही संपर्क नसतो. घरापासून वसतिगृहापर्यंत कोणी माणसांची साखळी करून उभे राहत नाही. गाडी चालते म्हणून डबा पोहोचतो. गाडी मध्ये अर्धा तास थांबली तर डबा उशिरा पोहोचतो, पण हरवत नाही, कारण तो कुणाच्या तरी ताब्यात असतो.

बसच्या जाळ्यातली माहिती अशीच जाते. बस माहिती घेते, आपल्या साठवणीत जपते, नेते आणि योग्य जागी उतरवते. यासाठी इंटरनेटचे नेहमीचे नियम चालत नाहीत. तुम्ही संकेतस्थळ उघडता तेव्हा तुमचा फोन आणि पलीकडचा संगणक यांच्यात सतत ‘मिळाले का, मिळाले’ अशी देवाणघेवाण चालू असते. काही काळ उत्तर आले नाही की संपर्क तुटला असे धरले जाते. ज्या वाटेवर उत्तर यायलाच तास लागतो, तिथे हे नियम पहिल्या पायरीवरच अडखळतात.

याची गरज प्रथम रस्त्यावर नव्हे, अवकाशात भासली. मंगळापर्यंत रेडिओ संदेश पोहोचायला ग्रहांच्या जागांप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि मध्ये ग्रह आड आला की संपर्कच थांबतो. इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ आणि नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील संशोधक १९९८ पासून ‘आंतरग्रहीय इंटरनेट’चा विचार करत होते. केविन फॉल यांनी २००३ साली हाच विचार पृथ्वीवरच्या तुटक संपर्काच्या जागांसाठी मांडला. त्याला ‘विलंब सोसणारे जाळे’ म्हणतात. त्यात माहितीचे स्वयंपूर्ण गठ्ठे केले जातात. गठ्ठ्यावर पत्ता असतो, किती वेळानंतर तो निरुपयोगी होईल तेही लिहिलेले असते आणि प्रत्येक मुक्कामी त्याची जबाबदारी पुढच्याकडे सोपवता येते.

५. दोड्डबळ्ळापूरची बस

या कल्पनेचा एक गाजलेला प्रयोग आपल्या शेजारच्या कर्नाटकात झाला. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेत शेतजमिनीचे उतारे संगणकावर आणले होते. आपल्याकडच्या सातबाऱ्याचे ते तिथले रूप. पण उतारा मिळायचा तालुक्याच्या कचेरीत. बंगळुरूजवळच्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील अ‍ॅलेक्स पेंटलंड, रिचर्ड फ्लेचर आणि अमीर हसन यांनी सरकारी बसवर वाय-फायची पेटी बसवली. गावच्या केंद्रात शेतकऱ्याचा अर्ज संगणकावर भरला जाई. बस गावात आली की तो अर्ज आपोआप तिच्या पेटीत उतरे, तालुक्याला पोहोचला की कचेरीच्या संगणकात जाई आणि उत्तर परतीच्या फेरीने येई. या व्यवस्थेचे नाव ‘डाकनेट’. तिचे वर्णन २००४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले.

त्यातले आकडे बोलके आहेत. बस गावच्या केंद्राजवळ असण्याचा काळ सरासरी २ मिनिटे ३४ सेकंद. तेवढ्यात एका दिशेने सरासरी २०.९ मेगाबाइट माहिती जाई. त्या काळी गावात इंटरनेट आणण्याचा दुसरा मार्ग टेलिफोनच्या तारेचा होता. तिचा वेग अगदी आदर्श परिस्थितीत सेकंदाला ५६ किलोबिट, म्हणजे सुमारे ७ किलोबाइट. त्या वेगाने २०.९ मेगाबाइट जायला जवळजवळ ५० मिनिटे लागली असती, तीही लाइन मध्येच तुटली नाही तर. बस दोन-अडीच मिनिटे थांबून तेवढे काम करून जाई.

हेच तंत्र २००३ साली कंबोडियाच्या रत्नगिरी प्रांतात मोटारसायकलींवर वापरले गेले. तिथल्या दुर्गम शाळांचे ई-मेल मोटारसायकलीवरची पेटी गोळा करी आणि प्रांताच्या मुख्य गावातील उपग्रह केंद्रातून पुढे पाठवी.

मात्र ही दोन्ही उदाहरणे एकेका गाडीची आणि ठरलेल्या जागांची आहेत. शहरात शेकडो गाड्या एकमेकींना भेटतात, तेव्हा दोन नवे प्रश्न येतात. भेट किती वेळाची? आणि निरोप द्यायचा कुणाकडे?

६. बारा सेकंदांची भेट

समोरासमोरून येणाऱ्या दोन बस घ्या. प्रत्येकीचा वेग ताशी ३० किलोमीटर. एकमेकींच्या दृष्टीने त्या ताशी ६० च्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटरच्या वेगाने जवळ येतात. रेडिओचा पल्ला १०० मीटर धरू. शंभर मीटर जवळ येताना आणि शंभर मीटर दूर जाताना, मिळून २०० मीटर त्या एकमेकींच्या टप्प्यात असतात. २०० भागिले १६.७ म्हणजे १२ सेकंद. सेकंदाला ६ मेगाबिट वेगाने १२ सेकंदांत ७२ मेगाबिट, म्हणजे ९ मेगाबाइट माहिती जाते.

आता खरी अडचण. घरचा वाय-फाय जोडताना फोन आधी आजूबाजूला कोण आहे ते शोधतो, मग ओळख पटवतो, मग पत्ता मागून घेतो. घरी यात दहा सेकंद गेले तर कुणाला कळतही नाही. पण वरच्या भेटीत दहा सेकंद ओळखीतच गेले, तर कामाला उरतात दोन. ९ ऐवजी दीड मेगाबाइट.

२००८ मध्ये एमआयटीतल्याच दुसऱ्या एका गटाने, ‘कॅबर्नेट’ नावाच्या प्रयोगात, बॉस्टनच्या टॅक्सींवर हाच प्रश्न सोडवला. रस्त्याकडेच्या वाय-फायशी जोडले जायला नेहमीच्या सॉफ्टवेअरला दहा सेकंदांहून अधिक लागत. ते त्यांनी ४०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही खाली आणले. आपल्या उदाहरणात तेवढ्याने दीडचे जवळजवळ पावणेनऊ मेगाबाइट होतात. अँटेना तीच, लहर तीच, फक्त ओळखपाळख आटोपशीर केली.

पुढे वाहनांसाठी वाय-फायचे वेगळे मानक आले. ८०२.११पी हे त्याचे नाव. ते २०१० मध्ये मंजूर झाले. ते ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि त्यात आधी जोडणी करण्याची अटच नाही. टप्प्यात आल्याबरोबर बोलणे सुरू. वेगात धावणाऱ्या गाड्या आणि भिंतींवरून परतणारे प्रतिध्वनी यांतही संदेश शाबूत राहावा म्हणून त्यातली प्रत्येक खूण नेहमीच्या वाय-फायपेक्षा दुप्पट वेळ टिकवली जाते.

रस्त्यावरच्या भेटीपेक्षा भरवशाची भेट असते ती शेवटच्या थांब्यावर. तिथे दोन बस पाच मिनिटे शेजारी उभ्या राहिल्या, तर त्याच ६ मेगाबिटच्या वेगाने २२५ मेगाबाइट जातात, रस्त्यावरच्या पंचवीसपट. म्हणून जाळे आखणारा अभियंता नकाशा उघडतो तेव्हा रस्त्यांआधी जिथे गाड्या थांबतात ती ठिकाणे पाहतो.

७. प्रती किती काढायच्या?

डबा एकच असतो. तो चुकीच्या गाडीत गेला की मुलगा उपाशी. माहितीच्या मात्र हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. इथे डब्याची उपमा संपते आणि संगणकशास्त्राची गंमत सुरू होते.

सोपा मार्ग म्हणजे भेटेल त्या प्रत्येक बसला प्रत द्यायची. अमिन वाहदत आणि डेव्हिड बेकर यांनी २००० साली ही रीत मांडली आणि तिला साथीच्या रोगाच्या फैलावावरून नाव दिले. निरोप नक्की पोहोचतो आणि लवकर पोहोचतो. पण शंभर बस असतील तर एका निरोपाच्या शंभर प्रती होतात. साठवण भरते आणि बारा सेकंदांची भेट शिळ्या प्रती देण्यात संपते.

२००५ मध्ये सुचवली गेलेली दुसरी रीत अशी: प्रतींना मर्यादा घाला. समजा आठ. पहिल्या बसकडे आठ प्रतींचा हक्क आहे. तिला भेटलेल्या बसला ती चार देते, चार ठेवते. पुढच्या भेटीत दोघीही आपापल्या चारांपैकी दोन देतात. असे करत आठ बसकडे एकेक प्रत उरते. मग कुणीही पुढे वाटायचे नाही. मुक्काम समोर आला की द्यायची. शंभराऐवजी आठच प्रती, आणि तरी निरोप वेळेत पोहोचण्याची शक्यता चांगली.

तिसरी रीत खऱ्या बसवर तपासली गेली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संशोधकांनी २००४ पासून तिथल्या सार्वजनिक बसवर ‘डीझेलनेट’ नावाचे जाळे उभे केले. सुमारे ४० बस, प्रत्येकीत छोटा संगणक, वाय-फाय आणि जीपीएस. तिथे तयार झालेली ‘मॅक्सप्रॉप’ ही पद्धत मागच्या भेटींवरून शिकते. कोणती बस कोणाला किती वेळा भेटते याची नोंद ठेवून, जिच्यामार्फत निरोप पोहोचण्याची शक्यता जास्त, तिला तो आधी दिला जातो. निरोप पोहोचला की ‘पोहोचला’ अशी छोटी वर्दी जाळ्यात पसरते आणि वाटेत उरलेल्या प्रती पुसल्या जातात. बसचे वेळापत्रक मोलाचे का, ते इथे कळते: भेटी दररोज साधारण त्याच होतात, म्हणून कालच्या नोंदीवरून उद्याचा अंदाज बांधता येतो.

या गटाने आणखी एक साधी युक्ती केली. दोन मार्ग एकमेकांना छेदतात, पण गाड्या तिथे वेगवेगळ्या वेळी येतात. म्हणजे भेट होतच नाही. अशा जागी त्यांनी सौर विजेवर चालणाऱ्या लहान पेट्या ठेवल्या. पहिली बस माहिती पेटीत टाकून जाते, वीस मिनिटांनी आलेली दुसरी ती उचलते.

८. पोर्टो: शहरभर पसरलेला प्रयोग

पोर्तुगालमधील पोर्टो हे दोरू नदीच्या काठचे चढउतारांचे शहर. तिथल्या पोर्टो आणि आवेरू विद्यापीठांतील संशोधनातून २०१२ मध्ये ‘व्हेनियम’ ही कंपनी निघाली. जुआंव बारोस आणि सुझाना सार्जेंतो हे तिचे संशोधक संस्थापक. झिपकार ही मोटारी वाटून वापरण्याची सेवा काढणाऱ्या रॉबिन चेस आणि तिथलेच रॉय रसेल हेही त्यांना येऊन मिळाले. सुरुवातीची एक चाचणी जवळच्या लेशोइंश बंदरात, कंटेनर वाहणाऱ्या ट्रकांवर झाली. लोखंडी कंटेनरांच्या उंच थप्प्या रेडिओलहरी अडवतात. तिथे जे टिकेल, ते शहरातही टिकेल.

मग शहरातील सार्वजनिक बससेवेच्या चारशेच्या वर गाड्यांत पेट्या बसल्या. कचऱ्याच्या गाड्या आणि टॅक्सी धरून ही संख्या सहाशेच्या पुढे गेली. प्रत्येक पेटीत चार गोष्टी होत्या: प्रवाशांसाठी वाय-फाय, गाड्यांमधल्या बोलण्यासाठी ८०२.११पी, मोबाईल इंटरनेट आणि जीपीएस. रस्त्याकडेच्या पेट्या शहराच्या स्वतःच्या फायबरला जोडलेल्या होत्या.

पेटीने घ्यायचा निर्णय सेकंदासेकंदाला बदलतो. समोर खांब दिसतो का? मग थेट फायबर. दिसत नाही, पण पुढच्या बसला दिसतो? मग तिच्यामार्फत, एक-दोन उड्यांत. दोन्ही नाही? मग मोबाईलचे टॉवर, जिथे प्रत्येक मेगाबाइटचे पैसे पडतात. आणि ज्या माहितीला घाई नाही, उदाहरणार्थ शहरात लावलेल्या हवामान आणि प्रदूषण मोजणाऱ्या यंत्रांची आकडेवारी, ती जाणाऱ्या बसने उचलायची, जपायची आणि खांब भेटला की उतरवायची.

म्हणजे पोर्टोत एकाच पेटीत दोन स्वभावांची जाळी नांदत होती. प्रवाशाला चित्रफीत आत्ता हवी, म्हणून त्याच्यासाठी लगेचचे जाळे. हवेतल्या धुळीचा आकडा अर्ध्या तासाने पोहोचला तरी चालतो, म्हणून त्याच्यासाठी विलंब सोसणारे.

९. उलट बाजू

इतके जमले, तर सगळी शहरे हे का करत नाहीत?

पहिले कारण मोबाईल इंटरनेटच्या किमतीचे. डाकनेटच्या काळात गावात दुसरा पर्यायच नव्हता. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. प्रवाशाला बसच्या वाय-फायची गरज त्यानंतर फारशी उरली नाही.

दुसरे कारण लहरींचे. ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने १९९९ मध्ये वाहनांसाठी राखून ठेवला होता, ७५ मेगाहर्ट्झ रुंदीचा. तो वर्षानुवर्षे फारसा वापरला गेला नाही. २०२० मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने त्यातले ४५ मेगाहर्ट्झ साध्या वाय-फायसारख्या वापरासाठी खुले केले आणि उरलेल्या ३० मध्ये ८०२.११पी ऐवजी मोबाईल तंत्रावर आधारलेल्या पद्धतीची बाजू घेतली. आज बसवलेली पेटी दहा वर्षांनी कोणत्या मानकाची ठरेल, हा व्यवसायातला मोठा धोका.

तिसरे कारण आगारातले. बसमधली पेटी धूळ, उष्णता आणि खड्ड्यांचे हादरे सोसते. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब क्षणभर घसरतो आणि पेटी बंद पडून पुन्हा सुरू होते. उलट, रात्री इंजिन बंद असतानाही पेटी जागी राहिली तर सकाळी बॅटरी उतरलेली असते.

चौथे कारण खासगीपणाचे. तुमची माहिती तुमच्या ओळखीच्या नसलेल्या पाच गाड्यांत मुक्काम करून जाते. त्यामुळे पाठवणाऱ्यापाशीच ती कुलूपबंद झाली पाहिजे आणि कुलूप फक्त घेणाऱ्यापाशी उघडले पाहिजे. मधल्या पेटीला फक्त पत्ता वाचता यावा.

आणि बस थांबल्या की जाळे थांबते. रात्री, संपात किंवा पाणी तुंबलेल्या दिवशी या जाळ्यावर प्राण अवलंबून असतील अशी सेवा ठेवता येत नाही.

१०. घाई आणि वजन

मग या तंत्राची खरी जागा कोणती? ती शोधायला माहितीला दोन प्रश्न विचारायचे: तुला घाई किती, आणि तुझे वजन किती?

बसचे ठिकाण सांगणारा संदेश घ्या. तो १०० बाइटचा आहे आणि दर दहा सेकंदांनी जातो असे धरू. सोळा तासांत ५,७६० संदेश, म्हणजे सुमारे ०.५८ मेगाबाइट. घाई खूप, वजन नगण्य. यासाठी जाळे विणणे व्यर्थ आहे. साधे सिम पुरते. भारतात प्रवासी वाहनांवर ठिकाण सांगणारी जी यंत्रे सक्तीची झाली, ती सिमवरच चालतात.

आता त्याच बसमधले कॅमेरे घ्या. चार कॅमेरे, प्रत्येकाचा वेग सेकंदाला २ मेगाबिट. सोळा तासांत एका कॅमेऱ्याचे १४.४ गिगाबाइट, चौघांचे ५७.६. ठिकाणाच्या संदेशांच्या हे एक लाख पट आहे. घाई मात्र सहसा नाही. काही घडले तरच चित्रण पाहायचे. ते दिवसभर टॉवरवरून पाठवणे म्हणजे मोबाईलच्या जाळ्यावर अकारण ओझे. रात्री आगारात ५० मेगाबिटचा वाय-फाय असेल तर ते अडीच तासांहून थोड्या अधिक वेळात उतरते. गाड्या सहा तास उभ्या असतात; मात्र शंभर गाड्यांसाठी असे अनेक वाय-फाय लागतील, याचा हिशेब आधीच करायला हवा.

गाडी-ते-गाडी जाळ्याला उरतो तो या दोन टोकांमधला पट्टा: टॉवरसाठी जड, पण रात्रीपर्यंत थांबू न शकणारी माहिती. कचराकुंड्यांची, हवेची, रस्त्याच्या स्थितीची चित्रे आणि मोजमापे त्यात येतात. पोर्टोच्या कंपनीची पुढची वाटही तेच सांगते. २०२२ मध्ये ती नेक्सारने विकत घेतली. नेक्सारचा व्यवसाय मोटारीच्या काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्यांचा आहे, म्हणजे नेमक्या जड माहितीचा.

एखाद्या महापालिकेपुढे उद्या असा प्रस्ताव आला, तर ‘वेग किती मिळेल’ हा प्रश्न मागे ठेवावा. आधी विचारावे: शहरातली कोणती माहिती अर्धा तास थांबू शकते आणि तिचे रोजचे वजन किती? आपल्या गाड्या कुठे आणि किती वेळ शेजारी उभ्या राहतात? खांबांना लागणारे फायबर पालिकेचे स्वतःचे आहे की भाड्याचे? वजन दिवसाला काही मेगाबाइटच निघाले, तर सिमकार्डे घ्यावीत. ते गिगाबाइटमध्ये निघाले आणि रात्रीपर्यंत थांबू शकत असेल, तर आगारांत चांगला वाय-फाय बसवावा. दोन्हींत बसत नसेल, तरच बसना एकमेकींशी बोलायला लावण्याचा खर्च करावा. आणि त्या निविदेत पेट्यांच्या किमतीइतकीच स्पष्ट तरतूद आगारात त्या दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या पगाराची असावी.